कानातले पाणी कुठे अडले?

प्रत्येक शाळेत असे एखादे मूल असते. त्याचा कान सारखा वाहतो, वास येतो म्हणून शेजारी कुणी बसत नाही, हाक मारली तर ते चटकन वळत नाही. ‘याचे लक्षच नसते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अशा काही मुलांच्या मध्यकर्णात कोलेस्टिॲटोमा असतो.

हे नाव योहानेस म्युलर यांनी १८३८ साली दिले. नावावरून कोलेस्टेरॉल आठवते, पण हा चरबीचा गोळा नव्हे, कर्करोगही नव्हे. ही आहे चुकीच्या जागी वाढलेली त्वचा! अंगावरच्या त्वचेच्या मृत पेशी गळून जातात. पडद्याआड मात्र त्यांना वाट नसते. केराटिनने भरलेल्या या पेशी साचत जातात आणि भोवतालचे हाड झिजते. हातोडा, ऐरण, रिकीब ही हाडे झिजली की ऐकू येणे कमी होते. क्वचित संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचतो. उपाय एकच, शस्त्रक्रिया.

पण गोळा नेमका कुठे आहे? सी.टी. स्कॅनमध्ये हाड उत्तम दिसते, परंतु गोळा, सूज आणि साचलेला द्रव जवळजवळ सारखेच दिसतात. येथे एम.आर.आय. उपयोगी पडते.

वर्गात एक प्रयोग करा. एका पेल्यात पाणी, दुसऱ्यात घट्ट जेली घ्या. दोन्हींत शाईचा थेंब टाका. पाण्यात शाई लवकर पसरते, जेलीत रेंगाळते. हेच विसरण. शरीरातले पाण्याचे रेणूही असेच सतत फिरतात. एम.आर.आय.च्या एका पद्धतीत चुंबकीय क्षेत्र अशा रीतीने बदलतात, की मोकळ्या फिरणाऱ्या रेणूंचा संदेश क्षीण होतो, अडकलेल्यांचा टिकतो. केराटिनमधले पाणी अडकलेले असते, म्हणून गोळा पांढरा चमकतो.

आधीच्या अतिजलद पद्धतीत हवा आणि हाड यांच्या सीमेवर चित्र वेडेवाकडे येई. सुधारित पद्धतीत सुमारे ३ मिलिमीटरचा गोळाही दिसू शकतो. त्याची जागा सी.टी.च्या चित्रावर बसवली की शल्यचिकित्सकाला नकाशाच मिळतो. गोळ्याचा अंश राहिला का, हे पाहण्यासाठी पूर्वी साधारण वर्षभराने कान पुन्हा उघडत. आता अनेकांची ही दुसरी शस्त्रक्रिया टळते. अर्थात फार लहान किंवा आतून रिकामा झालेला गोळा निसटू शकतो, आणि घट्ट पू फसवू शकतो.

यंत्राची पाळी मात्र नंतर येते. आधी त्या मुलाकडे कुणाचे तरी लक्ष जायला हवे. कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नका, मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. आणि तोवर त्याला पहिल्या बाकावर बसवा.