धातुसाधितांची संदिग्धता

धातूपासून साधलेले पद नामाचे विशेषण म्हणून योजले असता, त्या नामाचा क्रियेशी असलेला संबंध एकाहून अधिक प्रकारे लावता येणे. नाम हे क्रियेचा कर्ता आहे की कर्म, अथवा क्रिया हा नामाचा केवळ आशय आहे, हे अशा रचनेत पुष्कळदा अध्याहृत असते व संदर्भावरून ठरवावे लागते.

इंग्रजीत धातूपूर्वी ‘टू’ हे अव्यय येऊन झालेले रूप नामानंतर ठेवले जाते. ‘इन्स्ट्रक्शन्स टू लीव्ह’ या पदबंधाचे दोन अर्थ संभवतात : निघून जाण्याविषयीच्या सूचना आणि मागे ठेवावयाच्या सूचना. पहिल्या अर्थी क्रिया हा सूचनांचा आशय ठरतो. दुसऱ्या अर्थी सूचना हे क्रियेचे कर्म होते. बोलताना पहिल्या अर्थी क्रियापदावर व दुसऱ्या अर्थी नामावर आघात देऊन हा भेद दाखविता येतो. लेखनात तो लोपतो. मराठीत त्यासाठी निरनिराळे प्रत्यय आहेत. आशय दर्शविताना ‘जाण्याच्या’, कर्म दर्शविताना ‘ठेवावयाच्या’ व कर्ता दर्शविताना ‘जाणारा’ अशी रूपे येतात. त्यामुळे इंग्रजी मजकूर मराठीत आणताना भाषांतरकाराला प्रथम अर्थ निश्चित करावा लागतो.

तथापि मराठी रचनाही सर्वस्वी निःसंदिग्ध नाही. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील एखाद्या वाड्याच्या करारपत्रात ‘भाडेकरूला द्यावयाची रक्कम’ असे शब्द असल्यास, ती मालकाने परत करावयाची अनामत रक्कम आहे की भाडेकरूकडून येणे असलेले भाडे, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. ‘-ला’ हा प्रत्यय क्रियेचे फळ ज्याला मिळते त्यालाही लागतो आणि ‘मला पैसे द्यावयाचे आहेत’ यासारख्या कर्तव्यदर्शक रचनेत कर्त्यालाही लागतो. ‘देणे’, ‘सांगणे’, ‘विचारणे’ अशा द्विकर्मक धातूंच्या बाबतीत हे दोन्ही उपयोग एकत्र येतात. ‘गुरुजींना विचारावयाचा प्रश्न’ हा गुरुजींनी विचारावयाचा असू शकतो किंवा त्यांना कोणी विचारावयाचा. याउलट ‘भाडेकरूला करावयाची कामे’ यात एकच अर्थ सहज प्रतीत होतो. नागपूरकडील बोलीत ‘-ला’ऐवजी ‘-ले’ येतो (‘मले’, ‘तुले’). संदिग्धता मात्र तशीच राहते.

या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही आहे. नागपुरात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा घरभाडे नियंत्रण आदेश दीर्घकाळ लागू होता. २००० मध्ये त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून, तसा तो नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. लेखी करारात मात्र शब्दच प्रमाण ठरतात. आघाताचे साहाय्य तेथे मिळत नाही.

या दोषाचे निवारण रचनेतच साधता येते. कर्त्याला ‘-ने’ हा प्रत्यय लावून ‘भाडेकरूने मालकाला द्यावयाची रक्कम’ अथवा ‘मालकाने भाडेकरूला द्यावयाची रक्कम’ असे लिहिल्यास देणारा व घेणारा दोन्ही स्पष्ट होतात. संदिग्धता येते ती बहुधा यांपैकी एक पद गाळल्याने. म्हणून करारपत्रे, नियम व भाषांतरे यांत दोन्ही पदे लिहिणे इष्ट ठरते.