देव्हाऱ्याखालची खोकी

येत्या कार्तिकीला आत्याला जाऊन तीन वर्षं होतील. तिचा विषय निघाला की मला तिचा अख्खा दिवस आठवतो, अगदी घड्याळासकट. २००३ च्या पावसाळ्यात मी विद्याविहारला सोमय्यात शिकत होतो आणि घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो. त्या आषाढातला एक सोमवार सांगतो.

पहाटे ४.३०

नळाला आधी नुसती हवा येते. तो फुसफुसाट कानावर पडला की आत्या उठलेलीच असे. टेकडीवर पाणी तासभरच यायचं आणि रांगेत हंडे रात्रीच लागलेले असायचे. तिचा हरिपाठ तिथेच सुरू होई. धार चांगली असली तर एका अभंगात एक कळशी भरते, असा तिचा हिशेब होता. धार बारीक झाली की तीही चाल संथ करायची. वरच्या गल्लीतली बाळंतीण रांगेत दिसली नाही, तर तिच्या नावचा एक हंडा आत्या भरून ठेवी. तो वर पोचवायचं काम माझ्याकडे.

सकाळी ६

आंघोळ झाली की कपाळाला गोपीचंदन, वर बुक्का. गळ्यात तुळशीची माळ, ती लग्नाआधी पाटणला असताना घातलेली. तुळस डालडाच्या डब्यात. देव्हारा म्हणजे भिंतीतली एक फळी. तिच्यावर विठोबाची तसबीर आणि समई, आणि तिच्या खाली, जिथे इतर घरांत उदबत्त्या नि कापसाच्या वाती असतात, तिथे पुठ्ठ्याची लाल खोकी रचलेली. प्रत्येकावर एकेकाचं नाव. ती क्षयाच्या पेशंटांची औषधं होती.

आत्या आरोग्य स्वयंसेविका होती. आत्याचे यजमान, आमचे मामा, गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्याचे पुढारी दत्ता सामंत म्हणजे घाटकोपरलाच दवाखाना चालवलेले डॉक्टर. मामांची गिरणी पुन्हा नीट उभी राहिलीच नाही. आत्याने आधी पोळ्या लाटल्या, मग बालवाडीत मदतनीस झाली आणि शेवटी हे काम धरलं. शिक्षण सातवी. अक्षर मात्र मोत्यासारखं.

सकाळी ६.४५

सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले नऊ जण. दिवसाआड औषध घ्यायचं आणि तेही कुणाच्या तरी डोळ्यांदेखत, ही तेव्हाची डॉट्सची पद्धत. दार उघडंच असे. एकेक जण पायरीवर टेकायचा. आत्या त्याच्या नावाचं खोकं काढी, पाकीट फाडी आणि सात गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवी. तीर्थ देतात तसा उजवा हात पुढे करायला लावायची, डावा केला तर थांबायची. आधी दोन बिस्किटं, मग गोळ्या आणि तांब्याभर पाणी. "आता तोंड उघड. जीभ वर कर बघू." मगच कार्डावर खूण. लघवी लालसर होते म्हणून घाबरलेल्या पोराला ती सांगे, "आरं, औषधाचा रंग हाय त्यो. रगत न्हाय."

ह्या आजारात खरी अडचण दुसऱ्या महिन्यात येते. खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं आणि माणसाला वाटतं, झालो बरा. पण आत जंतू शिल्लक असतात. औषध अर्ध्यावर सुटलं तर उरलेले जंतू निबर होतात, आणि मग त्याच गोळ्या त्यांना पुरत नाहीत. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं की गरीब वस्तीत घरी राहून औषध घेणारे पेशंट सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात, फक्त औषध नेमाने पोटात गेलं पाहिजे. आत्याला मद्रास ठाऊक नव्हतं, नेम ठाऊक होता. "माळ घातल्यावर मटण न्हाय आणि हे खोकं उघडल्यावर सुट्टी न्हाय," एवढंच ती म्हणायची. मला वाटतं, क्षयरोगावर मराठीत ह्याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही.

त्या सोमवारी आठच जण आले.

सकाळी १०

आरोग्य केंद्रात सही करून, पिशवी घेऊन ती टेकडी चढायला लागे. असल्फ्याच्या पायऱ्या म्हणजे कुठे सिमेंट, कुठे नुसता दगड, मधून वाहणारं गटार, आणि रुंदी एवढी की समोरून सिलिंडरवाला आला तर आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. आज मेट्रोतून ह्याच घरांच्या रंगवलेल्या भिंती दिसतात, लोक फोटो काढतात. तेव्हा सगळं पत्र्याच्या आणि शेवाळाच्या रंगाचं होतं. आत्या दारोदार विचारत जायची: कुणाला ताप? कुणाला दिवस गेलेत? बाळाची लस राहिलीय का? ताप असला की बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब, मलेरियासाठी.

पोलिओच्या रविवारनंतरचा सोमवार असला की खांद्याला निळी पेटी. बूथवर न आलेली पोरं घरी जाऊन शोधायची. बाटलीवर एक बारीक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. उष्णता लागली तर चौकोन गडद होत जातो, आणि गोलाइतका गडद झाला की ती बाटली बाद. आत्या चष्मा कपाळावर ढकलून, बाटली उजेडात धरून तो चौकोन बघायची. मग दोन थेंब, बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई आणि दारावर खडूची खूण.

एका घराने तीन फेऱ्या दार उघडलं नव्हतं. चौथ्या वेळी आत्या त्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. ना आवाज दिला, ना समजावलं. मी कंटाळून म्हटलं, "आत्या, चल ना." ती म्हणाली, "मुक्ताई न्हाय का बसली ताटीपाशी? ज्ञानोबा रुसून आत बसलेलं, आणि ह्ये तर परकं लोक." अर्ध्या तासाने आतल्या म्हातारीने पाणी विचारलं. पुढचं सोपं होतं. नंतरच्या वर्षांत पेशंटला घेऊन बर्वेनगरच्या संत मुक्ताबाई रुग्णालयात जायची वेळ आली की आत शिरण्याआधी ती पाटीला हात जोडायची.

परतताना ती आझाद नगरच्या बाजूला बघत नसे. २००० च्या जुलैत, आषाढीच्या सुमारास, तिथे दरड कोसळली आणि साठाहून अधिक माणसं गेली. पोलिओच्या फेऱ्यांत ती त्या गल्ल्यांतूनही फिरलेली होती. त्यातल्या काही दारांवर खडूची खूण तिच्या हातची होती.

दुपारी २

भाकरी, कालवण, वीस मिनिटं पाठ टेकणं. मग रजिस्टर.

संध्याकाळी ६

सकाळी न आलेला नववा माणूस रिक्षावाला होता, दुसऱ्या महिन्यातला. आत्याने त्याचं पाकीट बटव्यात घातलं आणि आम्ही घाटकोपर स्टेशनला पश्चिमेला उतरलो. धो धो पाऊस, गाड्या सुटल्यावर जिन्यावरून उतरणारा लोंढा आणि शंभरेक रिक्षांची रांग. ती छत्री धरून एकेका रिक्षात डोकावत चालली. मला लाज वाटत होती. वीस वर्षांचा होतो मी, आणि कॉलेजातलं कुणी बघेल ह्याची भीती. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

तो सापडला. तिला बघून त्याने मान खाली घातली. "मौसी, अब तो ठीक हूँ." आत्या शेजारच्या सीटवर बसली, चहावाल्याकडून पाणी मागवलं, पाकीट फाडलं. रिक्षाच्या अंधारात तिने सात गोळ्या मोजून त्याच्या उजव्या हातावर ठेवल्या. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. "वाजू दे," ती म्हणाली. "जीभ वर कर."

परत चढताना गुडघा धरून ती तीनदा थांबली. मी विचारलं, "एक दिवस चुकला तर काय होतं गं?" ती म्हणाली, "एकादशी एक चुकली म्हनून काय हुतंय? दुसरी चुकवायला सोपी जाती, बस."

रात्री ९

समोरच्या खोलीत बायकांचं भजन. आत्याचा आवाज चांगला नव्हता, टाळ मात्र पक्का. पंढरीला आषाढीची पायी वारी तिला एकदाच घडली, काम धरायच्या आधी. नंतर प्रत्येक आषाढात ताप, मलेरिया, गॅस्ट्रो. वाखरीचं रिंगण टीव्हीवर दाखवत तेव्हा ती उठून उभी राहायची आणि संपेपर्यंत बसत नसे.

रात्री १०.३०

तिने कार्डावर नवव्याची खूण केली, खोकं देव्हाऱ्याखाली सरकवलं, रिकामे हंडे दाराशी लावले. दिवा मालवल्यावर अंधारात तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. कितीतरी दिवस मी ते नामस्मरण समजत होतो. त्या रात्री कान देऊन ऐकलं. ती मंगळवारवाल्या पाच जणांची नावं घेत होती.