पाणबुडीचा माग कोणी काढायचा?

रिंगास्किडीहून पूल ओलांडला की हॉलबोलाइन बेट लागते. तिथे आयरिश नौदलाचा तळ आहे. पहिल्या महायुद्धात हे सारे बंदर पाणबुड्यांविरुद्धच्या लढ्याचे ठाणे होते. ७ मे १९१५ रोजी इथून जवळच, किन्सेलसमोरच्या समुद्रात, जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ बुडवली. सुमारे १,२०० माणसे गेली. तेव्हापासून प्रश्न तोच आहे: पाणबुडीचा माग कोणी काढायचा? जहाजाने, विमानाने, की दुसऱ्या पाणबुडीने?

जहाजाचा गुण म्हणजे ते सोबत राहते. मे १९१७ मध्ये अमेरिकन विनाशिका इथे आल्या. १७ नोव्हेंबरला ‘फॅनिंग’वरच्या पहारेकऱ्याला पेरिस्कोप दिसला; पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बांनी यू-५८ वर आली आणि शरण गेली. पण जहाज स्वतःच मोठे लक्ष्य असते. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाणबुडीच्या शोधात निघालेली आयएनएस खुकरीच दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ची शिकार झाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत.

विमान वेगाने मोठा टापू पाहते आणि पाणबुडीच्या टॉर्पेडोची त्याला भीती नसते. १९१८ मध्ये बंदराच्या पूर्वेकडच्या आघाडाहून समुद्री विमाने गस्त घालत. आज गोव्यातल्या आयएनएस हंसावरची पी-८आय विमाने पाण्यात ‘सोनोबॉय’ टाकून आवाज टिपतात. मात्र इंधन संपत आले की परतावेच लागते.

पाणबुडीची गोष्ट निराळी. समुद्रात उबदार आणि थंड पाण्याचे थर असतात. त्यांच्या सीमेवर आवाज वळतो. जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारला थराखालचे नीट ऐकू येत नाही. पाणबुडी त्याच थराखाली जाऊन शांतपणे कान देते. पण ती एकावेळी थोडाच टापू राखू शकते, आणि खोलवरून तिला इतरांशी बोलणे अवघड जाते.

म्हणून ‘तिघांत श्रेष्ठ कोण’ हा प्रश्नच अपुरा आहे. विमानाने हुडकावे, पाणबुडीने ऐकावे, जहाजाने राखण करावी. एकाची उणीव दुसऱ्याने भरावी.

आयर्लंडकडे पाणबुडी नाही. जहाजामागे ओढायच्या सोनारसाठी करार झाला तो २०२५ मध्ये. या बेटाचे इंटरनेट समुद्रतळाच्या तारांवर चालते. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना हेही ध्यानात असू द्या: त्या तारांपाशी कोण फिरते, हे आधी ऐकू यायला हवे.