पानांतली चांदी?

वनस्पतींपासून केलेले चांदीचे नॅनोकण (मिलिमीटरच्या दशलक्षांश मापाचे, फार तर शंभर नॅनोमीटरपर्यंतचे कण) म्हणजे पानांतून काढलेली चांदी, आणि म्हणूनच निर्धोक, असा समज सर्रास आढळतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ मध्ये कडुनिंबाच्या काढ्याने केलेले कण प्रसिद्ध केले. त्यांतली चांदी आली सिल्व्हर नायट्रेट या क्षारातून. काढ्याने आयनांना (विद्युतभारित अणूंना) इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे कण केले. लिंबू पिळून केलेले पनीर दुधाचेच असते, तसेच हे. मग पाल्याचा उपयोग काय? सोडियम बोरोहायड्राइडसारखे तीव्र रसायन टळते, आणि हा लाभ मोलाचा आहे. पण तो कृतीचा. या कणांतून सुटणारे, जखमेतले जंतू मारणारे चांदीचे आयन सांडपाण्यातून तळ्यात गेले तर शेवाळही मारतात. म्हणून मात्रा आणि कणांचा आकार तपासल्याशिवाय ‘हरित’ कणांना सुरक्षित म्हणता येत नाही.