फुगडी कागदावर कशी फिरते?

आपल्याकडे मूल चित्र घेऊन आलं की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: "बघून काढलंस की मनाने?" 'मनाने' म्हटलं की शाबासकी, 'बघून' म्हटलं की नुसतंच "असं होय!" या प्रश्नाने कितीतरी पोरांचे हात आखडले आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बसलेला गणपती एक वेळ मनाने काढता येईल. पण धावणारा, गिरकी घेणारा माणूस मनाने काढायला गेलं की त्याचा खांब होतो.

घोड्याचंच घ्या. भरधाव घोडा म्हणजे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, असंच भलेभले चित्रकार काढत आले. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने ओळीने १२ कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले. तेव्हा दिसलं की चारही पाय जमीन सोडतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना! पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात त्याने माणसांचं धावणं, उड्या, जिने चढणं असंच टिपलं. त्या फोटोंची पुस्तकं पब्लिक लायब्ररीत मिळतात. हौशी मुलांना जरूर आणून द्या.

डिस्नेच्या मंडळींनीही 'स्नो व्हाइट'साठी (१९३७) मार्ज चॅम्पियन या तरुण नर्तकीला नाचायला लावून फिल्म घेतली होती. मात्र फिल्मवरून रेघ न् रेघ गिरवली की चित्र निर्जीव होतं, हेही त्यांना कळलं. बघायचं, समजून घ्यायचं आणि मग थोडं वाढवून काढायचं.

आता आपल्या घरातलं उदाहरण. या श्रावणात मंगळागौरीच्या आमंत्रणासाठी माझ्या मैत्रिणीच्या पंधरा वर्षांच्या लेकीने फुगडी काढली. मुलगी इथेच जन्मलेली, हात चांगला. पण चित्रातल्या दोघी ताठ उभ्या, जणू ऑफिसात हस्तांदोलन चाललंय. सहा महिन्यांसाठी आलेली तिची आजी चष्मा पुसत म्हणाली, "अगं, ह्या फिरणार कशा?" आणि गुडघेदुखी विसरून शेजारच्या काकूंचे हात धरून बेसमेंटमध्ये उभी राहिली.

तेव्हा सगळ्यांनाच नीट दिसलं. हातांची अढी, चौघी पावलं मधोमध जवळजवळ, अंगं मागे झुकलेली. पाय जवळ, डोकी लांब. एकीचा भार दुसरीच्या हातात. एकीने सोडलं तर दोघी पडतील. म्हणूनच एकटी बाई ही पोझ देऊ शकत नाही. (आम्ही युक्ती केली: बेसमेंटच्या खांबाला जाड पंचा बांधला आणि तो धरून काकूंना मागे झुकवलं. हसून हसून पुरेवाट!) मुलीने अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची वीसेक चित्रं काढली. नाक-डोळे नाहीत, फक्त कण्याचा बाक आणि भार कुठे आहे तेवढं. मग फोनवर व्हिडिओ घेऊन सावकाश पाहिला, तेव्हा वेणी बाहेरच्या बाजूला उडते आणि कासोट्यामुळे गुडघे मोकळे राहतात, हे सापडलं.

आर्ट स्टोअरमधला लाकडी बाहुलाही आणला होता. प्रमाणं कळायला तो बरा, पण त्याला ना वजन ना कंबर. आता टीव्हीवर मिरवतोय.

नव्या चित्रातल्या बायका खरंच फिरतात. आजीने ते गावी पाठवायला दोन प्रती मागून घेतल्या.

आजीचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. झिम्मा आणि पिंगा काढून झाले. कोंबडा आणि गाठोडं राहिलंय. कोंबडा आजीला आता झेपत नाही, म्हणून ती खुर्चीत बसून सांगते आणि मुलीची आई उकिडवी बसून उड्या मारते. "गुडघे बाहेर काढ गं, पाठ नको वाकवू!" दर शनिवारी दुपारी, चहा झाल्यावर.