चाळिशीत जोडीदाराला डोक्यावर उचलायचं, तेही बर्फावर!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा मजकूर. मधले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ तेवढे काढलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय आहे प्रौढांचं पेअर्स फिगर स्केटिंग. दिवसा ऑफिस, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते, आणि पहाटे सहाला रिंकवर जाऊन एकमेकांना हवेत फेकायचं. असं करणारी माणसं खरोखर आहेत. जर्मनीत आल्प्सच्या कुशीत ओबर्स्टडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथे २००५ पासून प्रौढ स्केटर्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. त्यात भाग घ्यायला वयाची २८ वर्षं ओलांडलेली लागतात. अमेरिकेत तर प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा १९९५ मध्येच सुरू झाली.

या स्पर्धांत कौशल्यानुसार ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, मास्टर्स अशा पातळ्या असतात. आता गंमत बघा. ब्राँझ गटात पहिला आलेला माणूस घरी येऊन सांगणार, “मला ब्राँझमध्ये गोल्ड मिळालं!” आणि घरचे विचारणार, “नक्की काय मिळालं ते एकदा ठरव.”

यात नेमकं करतात काय?

बर्फावरच्या जोड्या दोन प्रकारच्या असतात. एक आइस डान्स. त्यात उचलणं असतं, पण उचलणाऱ्याने हात स्वतःच्या डोक्याच्या वर न्यायचे नसतात. दुसरा प्रकार पेअर्स. इथे हात पूर्ण ताठ करून जोडीदाराला डोक्यावर धरायचं आणि तसंच सरकत जायचं. शिवाय ‘ट्विस्ट’, म्हणजे तिला वर उडवायचं, तिने हवेत गिरक्या घ्यायच्या आणि खाली येताना त्याने कमरेला झेलायचं. ‘थ्रो जम्प’मध्ये तर तो झेलतच नाही. फेकून दिलं की उतरायचं तिचं तिने.

आणि मग येते डेथ स्पायरल. नाव ऐकून घाबरू नका, तुम्ही हिची मावसबहीण लहानपणी पाहिलीये: फुगडी! फुगडीत दोघी मागे झुकतात आणि हातांच्या ओढीवर तोल राहतो. वेग वाढला की ओढही वाढते. डेथ स्पायरलमध्ये तो एका जागी गुडघे वाकवून फिरत राहतो आणि ती त्याचा एक हात धरून, जवळजवळ आडवी होऊन, त्याच्याभोवती गोल फिरते. तिचं डोकं बर्फापासून अगदी थोडं वर असतं. फुगडीत हात सुटला तर आपण अंगणात बसकण मारतो. इथे मात्र खाली बर्फ असतो आणि पायाला धारदार पातं.

धोका किती खरा?

थोडं गणित करू. कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १ मीटरवरून पडलात तर खाली पोचेपर्यंत वेग ताशी १६ किलोमीटर होतो. डोक्यावरच्या लिफ्टमधून, २ मीटरवरून पडलात तर ताशी २२ किलोमीटर. या सगळ्याला पाऊण सेकंदही लागत नाही. दहीहंडीत वरच्या थरावरून घसरलेल्याला झेलायला खाली पन्नास हात असतात. इथे दोनच हात असतात, आणि बहुतेक वेळा त्या हातांचा मालकही त्याच क्षणी पडत असतो.

हे नवशिक्यांपुरतं नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये पिट्सबर्गला स्केट अमेरिका स्पर्धेत रशियाचा मॅक्सिम मारिनिन लिफ्ट करताना घसरला आणि तात्याना तोत्म्यानिना वरून थेट डोक्यावर आपटली. मेंदूला मार बसला, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ती बरी झाली. भीती मात्र त्याच्या मनात जास्त खोल बसली होती. तरी पुढच्याच वर्षी दोघांनी जागतिक विजेतेपद मिळवलं आणि २००६ मध्ये तुरिनला ऑलिंपिक सुवर्णही.

दुसरी घटना फेब्रुवारी २००७ ची. कॅनडाची जेसिका दुबे आणि ब्राइस डेव्हिसन शेजारी शेजारी एक पाय मागे आडवा पसरून गिरक्या घेत होते. अंतर कमी झालं आणि त्याच्या बुटाचं पातं तिच्या चेहऱ्यावर बसलं. सुमारे ८० टाके पडले. म्हणजे इथे उंचीसारखाच जवळपणाचाही धोका आहे.

आता हे सगळं पंचेचाळीसाव्या वर्षी करायचं म्हटलं तर? पडताना आपण आपोआप हात पुढे टेकवतो, आणि मनगट तिथेच मोडतं. वय वाढलं की हाडं जुळायला वेळ लागतो, स्नायू लवकर ताणले जातात. आणि सोमवारी कामावर जायचंच असतं. विशीतल्या खेळाडूसाठी तेच काम असतं, त्याच्याभोवती फिजिओ आणि डॉक्टर असतात. प्रौढ जोडीकडे बर्फाची पिशवी आणि शिल्लक सुट्ट्यांचा हिशोब असतो.

मग सावरतात कसं?

सगळ्यात आधी पडायला शिकतात. गुडघे वाकवायचे, बाजूला कलायचं, मांडीवर किंवा बुडावर घसरायचं, हनुवटी छातीशी ठेवायची. आणि थांबल्यावर बोटं मुठीत घ्यायची, म्हणजे कुणाचं पातं त्यावरून जाणार नाही. कमरेला, गुडघ्याला जेलचे पॅड कपड्यांच्या आत बसतात. डोक्याला गादी असलेली पट्टी किंवा सरळ हेल्मेट.

लिफ्ट आधी जमिनीवर, मॅटवर, साधे बूट घालून होतात. तिसरा माणूस शेजारी झेलायला उभा. शेकडो वेळा जमलं की मग बर्फ. खालच्या पातळ्यांवर अवघड प्रकारांना नियमांतच परवानगी नसते, आणि ते बरंच आहे.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक शब्द: “थांब.” दोघांपैकी कुणीही, कधीही म्हणायचा आणि दुसऱ्याने कारण न विचारता थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण समोर नवरा असेल, किंवा महिनोन्महिने शोधून मिळालेला जोडीदार असेल, तर “आज मला भीती वाटतेय” म्हणणं जड जातं. त्याला वाटेल माझा विश्वास नाही, तिला वाटेल मी घाबरट आहे. म्हणून गप्प राहून लिफ्टला जाणारी जोडी जास्त धोक्यात असते. अर्ध्यावर अंग आखडलं की वजन सरकतं, आणि मग झेलणाऱ्यालाही काही करता येत नाही.

इथेच विनोद कामाला येतो. ट्विस्ट शिकताना खाली येणाऱ्या कोपराने त्याचा डोळा काळानिळा होतोच. ऑफिसात विचारलं तर सांगणार काय? “बायकोने मारलं, पण तंत्र चुकलं म्हणून.” स्पर्धेत एक जण पडला तर गुण जातात, दोघं पडले तर आणखी जास्त. त्यामुळे एक आपटला की दुसऱ्याने त्याला सोडून उभं राहणं हीच निष्ठा! जी जोडी अशी हसू शकते, तिला “थांब” म्हणणंही सोपं जातं. चूक हसण्यावारी नेता आली की ती लपवावी लागत नाही. फक्त डोक्याला लागलं असेल तर हसून पुढे जायचं नाही. त्या दिवसाचा सराव बंद. उलटी, गोंधळ, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा दिसला तर लगेच डॉक्टर. हा नियम रोलर स्केटिंग करणाऱ्या तुमच्या-माझ्या पोरांनाही तसाच लागू.

एवढं सगळं कशासाठी?

डिएना स्टेलाटो-ड्यूडेक हिचं नाव शोधून बघा. २००० साली ज्युनियर जागतिक स्पर्धेत रौप्य, मग दुखापतींमुळे खेळ सुटला. तब्बल पंधरा-सोळा वर्षांनी ती बर्फावर परतली, तीही पेअर्समध्ये, जे तिने आधी केलंच नव्हतं. मार्च २०२४ मध्ये माँट्रियलला मॅक्सिम देशाँसोबत ती जगज्जेती झाली. वय ४०. आणि १९६४ व १९६८ चे ऑलिंपिक विजेते ल्युदमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव्ह हे नवरा-बायको सत्तरी उलटल्यावरही लोकांसमोर एकत्र स्केटिंग करत होते. उंच लिफ्ट नव्हत्या, पण हातात हात होता.

ओबर्स्टडॉर्फला येणारे बहुतेक जण जगज्जेते होणार नाहीत, आणि त्यांना ते माहीत असतं. त्यांना हवा असतो तो दीड-दोन सेकंदांचा क्षण, ज्यात दुसऱ्याच्या तळहातावर आपलं सगळं वजन असतं आणि तरी आपण निवांत असतो. मोठं झाल्यावर असे क्षण फारसे मिळत नाहीत. पण ज्याच्या हातावर वजन टाकायचं, त्याला आधी “थांब” म्हणून बघा. तो लगेच थांबला, तर पुढचं शिकायला हरकत नाही.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, घरी सोफ्यावर लिफ्ट करून बघू नका. पंखा चालू असतो!