ट्रंकेतली झबली

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी बजावले होते, "विषय वैद्यकीय हवा, पण रोगांची नावे घेऊन वाचकांना घाबरवू नका." दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या मराठी घरांत सोफे अंगणात येतात, गाद्या गच्चीवर जातात आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. आमचे शहर 2017 सालापासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. रस्ते झाडले जातातच; पण पलंगाखालची आणि कपाटामागची जबाबदारी महानगरपालिकेने अद्याप घेतलेली नाही. ती आपलीच. या घरगुती सफाईवरच चार शब्द लिहावेत, असे ठरवले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, ओळखीच्या घरातील पाच दिवसांचे बाळ माझ्याकडे आले. तिसऱ्या दिवशी घरी गेले तेव्हा त्याला किरकोळ कावीळ होती. आता तळवे पिवळे, ओठ पांढुरके आणि लघवी गडद झाली होती. दूध ओढण्याचेही त्राण उरले नव्हते. रक्तातील बिलिरुबिन 24 मिलिग्रॅम. आई व बाळ दोघांचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तगट न जुळण्याचा प्रश्न नव्हता. मग रक्तपेशी फुटत होत्या कशामुळे? तपासण्यासाठी दुपटे सोडले आणि उत्तर नाकाला मिळाले. डांबरगोळ्यांचा वास!

बाळाच्या आजीने आपल्या मुलाची झबली, टोपरी आणि दुपटी तीस वर्षे ट्रंकेत जपली होती. दरवर्षी ती उन्हाला दाखवायची, नव्या डांबरगोळ्या घालायच्या आणि पुन्हा घडी करून ठेवायची. नातू घरी आला त्या दिवशी ट्रंक उघडली आणि वडिलांचे झबले मुलाच्या अंगावर चढले.

डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन श्वासावाटे शरीरात जाते, त्वचेतूनही जाते. ते तेलात विरघळते आणि आपल्याकडे बाळाचे अंग तेलाने माखलेले असते. जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर तांबड्या पेशींचे रक्षण करते. ते जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या पेशी नॅफ्थलीनपुढे टिकत नाहीत. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने मुलांमध्ये अधिक आढळतो. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पेशी फुटल्या की बिलिरुबिन वाढते, नवजात बाळाचे अपरिपक्व यकृत त्याचा निचरा करू शकत नाही, आणि ते मेंदूत साचले तर ऐकू येणे जाते, हातापायांना कायमचे वळण लागते. त्या रात्री आम्ही बाळाचे रक्त बदलले. (विकराची तपासणी आम्ही काही आठवड्यांनी केली, कारण ऐन रक्तविघटनात ती फसवते. विकर कमीच निघाले.)

पहाटे आजी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "कशाने झालं हो डॉक्टरबाई?" त्यांनी विचारले. शेजारी सून होती, तिची आई होती. मी म्हणाले, "रक्तातला एक जन्मजात दोष आहे." ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. कपडे मात्र सगळे बदलायला लावले. आठ दिवसांनी आजींना एकटे बोलावून उरलेले सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर सुनेसमोर तोंड दाखवलं नसतं मी." मी तेव्हा बरोबर वागले की नाही, हे आजही मला ठरवता आलेले नाही.

डांबरगोळ्यांना पर्याय आपल्याच घरात आहेत. कपडे धुऊन, कडकडीत वाळवून ठेवले तर कसर सहसा लागत नाही, कारण तिच्या अळीला घामाचे आणि अन्नाचे डाग लागलेली लोकर व रेशीम आवडते. सोबत वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवावी. 'मग कापूर चालेल ना?' असे हमखास विचारले जाते. कपाटात, मुलाच्या हाताबाहेर, चालेल. पण कापूर निरुपद्रवी नाही. सुमारे 1 ग्रॅम कापूर पोटात जाऊन लहान मुले दगावल्याची नोंद आहे, आणि झटके काही मिनिटांतच सुरू होऊ शकतात. रांगत्या मुलाला ती वडी बत्ताशासारखीच दिसते. कडुनिंबाचा पाला चांगला, म्हणून तेलही चांगले असे समजू नये. हे तेल पाजलेल्या बाळांच्या मेंदूवर व यकृतावर झालेला घातक परिणाम मलेशियातील डॉक्टरांनी 1981 साली 'लॅन्सेट'मध्ये नोंदवला आहे.

आता सोफ्याकडे वळू. मूल असलेल्या घरात सोफ्याला दुधाचा आणि लघवीचा वास येणारच. त्यावर अत्तरी फवारे मारल्याने वास झाकला जातो आणि दम्याच्या मुलाला खोकला मिळतो. डाग ओला असतानाच कोरड्या फडक्याने टिपावा, घासू नये. दुधाला गार पाणीच वापरावे. गरम पाण्याने त्यातील प्रथिने गोठून धाग्यात बसतात. लघवीच्या डागावर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने लावावे (आधी मागच्या कोपऱ्यात रंग जातो का ते पाहावे), आणि पूर्ण वाळल्यावर चाळणीने खायचा सोडा भुरभुरावा. रात्रभर ठेवून सकाळी ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढावा; त्या वेळी मूल दुसऱ्या खोलीत असावे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारे 'जादूचे' मिश्रण बनवण्याची हौस अनेकांना असते. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात. उरते ते बहुतांशी पाणी. त्यात निदान धोका तरी नाही. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावात संडास धुण्याचे आम्ल मिसळले, तर मात्र क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो प्रसंग जिवावर बेततो.

गाद्यांना ऊन देण्याची आपल्या आज्यांची शिस्त विज्ञानाने उचलून धरली आहे. गादीतील धुळीचे किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतल्या ओलाव्यातून पाणी घेतात; ओलावा गेला की मरतात. दम्याच्या मुलासाठी औषधाइतकेच हे मोलाचे आहे. चादरी आणि अभ्रे 60 अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत. ढेकणांसाठी पूर्वी बाजेवर उकळते पाणी ओतत, तेही शास्त्रशुद्धच होते.

मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसली की तिचा वासाचा माग मोडतो. झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक व साखर यांच्या गोळ्या खरोखर परिणामकारक आहेत; पण गोड गोळी झुरळाला आवडते तशी मुलालाही आवडेल. त्या फटीतच, हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात.

माळव्यात मात्र माझी खरी भीती गव्हाच्या कोठीची आहे. वर्षाचा गहू भरताना कुणी पाऱ्याच्या गोळ्या घालतात, तर कुणी सल्फासच्या. सल्फास म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. त्याला उतारा नाही. कोठी शेजारच्या खोलीत असली तरी तो वायू झोपलेल्यांपर्यंत पोहोचतो. एरंडेल चोळलेला, नीट वाळवलेला गहू वर्षभर टिकतो. माझ्या सासूबाईंनी दुसरे काही कधी वापरले नाही.

आणखी एक. कुठलेही घरगुती द्रावण सरबताच्या बाटलीत भरू नका. रॉकेल आता घरात क्वचितच दिसते, पण टर्पेंटाइन आणि थिनर आहेत. मुलाने असे काही प्यायलेच, तर उलटी करवू नका. ते पातळ तेल फुप्फुसात उतरते. बाटलीसह थेट रुग्णालय गाठा.

ते बाळ आता दहावीच्या वर्गात आहे. त्याची श्रवणचाचणी तेव्हाच व्यवस्थित आली होती. मागच्या दिवाळीत आजी फराळाचा डबा घेऊन आल्या. धाकट्या नातीसाठी काढलेली दुपटी नवी होती. ट्रंकेतले ते जुने झबले मात्र त्यांनी टाकलेले नाही. वेखंडाच्या पुरचुंडीसोबत ते वेगळ्या डब्यात ठेवले आहे, आणि डब्यावर सुनेने लिहिले आहे: 'बाळाला घालू नये.'